नागलीचं आजोळ

सिल्व्हासा सोडून खानवेलच्या रस्त्याला लागलं की कारखान्यांच्या भिंती मागे पडतात आणि डोंगरउतार सुरू होतात. दसरा उलटलेला. खाचरांतला भात पिवळा झालेला आणि वर, पाणी ठरत नाही अशा मुरमाड वरकस जमिनीवर, नागली. वारली आणि कोकणा घरांची ही हक्काची भाकर. त्यासाठी उन्हाळ्यात राब भाजायचा, त्यावर रोपं वाढवायची आणि भर पावसात एकेक रोप हाताने लावायचं.

बांधावर गवताचा एक ठोंब दिसला. ताटं चपटी आणि इतकी चिवट, की ओढूनही उपटेना. टोकाला पाच-सहा बोटं फाकलेली. शेजारी नागलीचं कणीस धरलं आणि थक्क झालो. ठेवण तीच! नागलीची बोटं तेवढी जाड, आत वळून मूठ झालेली. गवताचं बोट तळहातावर चोळताच सुरकुतलेलं, काळपट बारीक बी झरझर गळालं. नागलीचा दाणा गोल, तांबूस. झोडपल्याशिवाय कणीस सोडत नाही.

“ते ढोरांचं,” शेतातल्या मावशी म्हणाल्या, “माणसाचं हे.”

पण ते ढोरांचं गवत म्हणजे नागलीचं आजोळ! शास्त्रज्ञ त्याला इल्युसिनी इंडिका म्हणतात. त्याची गुणसूत्रं 18. आफ्रिकेत याच जातीच्या गवताचा दुसऱ्या एका गवताशी संकर झाला, दोघांची गुणसूत्रं एकत्र नांदली आणि 36 गुणसूत्रांची रानटी नागली जन्मली. आईकडून येणाऱ्या हरितलवकांच्या वारशावरून हे मातृकुळ ओळखलं गेलं. बापाचं गवत आजवर हाती लागलेलं नाही. पुढे इथिओपिया-युगांडाच्या उंच मुलखात माणसांनी तिला शेतात आणलं. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात पोचली आणि सह्याद्रीच्या कुशीत रुजली.

सिल्व्हासाच्या दुकानांत ओट्सची पाकिटंही दिसतात. त्या दाण्याचं कूळही असंच रानातलं. तीन गवतांचा वारसा, 42 गुणसूत्रं. पश्चिम आशियात तो गव्हा-जवाच्या शेतातलं तण होता. ती पिकं युरोपच्या थंड, ओल्या मुलखात गेली, तिथे त्यांच्यापेक्षा हे तणच तरारलं आणि शेतकऱ्यांनी त्यालाच पीक केलं. रानटी ओटच्या कुसाला पीळ असतो. ओल लागली की तो उलगडतो, वाळला की पुन्हा वळतो. असं फिरत फिरत बी आपणच मातीत शिरतं. माणसाच्या शेतातल्या ओटने ही विद्या टाकली, आपलं बी पेरणाऱ्याच्या हवाली केलं.

दाणा न गळणं हा गवताच्या दृष्टीने घातच. बी रानात पसरणार कसं? पण माणसाने नेमकं तेच कणीस जपलं, म्हणून आपण आज जेवतो. वारली धान्याला कणसरी देवी मानतात, ते मला इथे उमगलं. खळ्यावर मावशी बियाण्याची कणसं वेगळी काढत होत्या, भरगच्च आणि घट्ट मुठीची. आफ्रिकेच्या डोंगरांत सुरू झालेली निवड दादरा-नगर हवेलीत अजून चालू आहे.