प्रथिनांची खतावणी

पत्रिका जुळवताना छत्तीस गुण बघतात. त्यात एकट्या नाडीलाच आठ. पण "मुलगी मुगाची डाळ खाते का?" हा सदतिसावा गुण आजवर कोणत्याही गुरुजींनी पाहिल्याचं ऐकिवात नाही. आणि संसार चालतो तो नेमका या सदतिसाव्यावर. अठ्ठावीस गुण जुळलेली जोडपी पडवळाच्या भाजीवरून तीन-तीन दिवस अबोला धरताना मी पाहिली आहेत.

आमच्याकडे हा गुण ऐरणीवर आला तो गेल्या पावसाळ्यात. जिन्यावर पाय घसरून हिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आईचे गुडघे आधीच संपावर गेलेले, मुलं मॅगीपलीकडे शिकलेली नाहीत. तेव्हा सहा आठवडे रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला. डॉक्टरांनी हिला वजनकाट्यावर उभं केलं. काटा अठ्ठेचाळीस किलोवर थांबला. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "हाड आम्ही बसवलंय. ते भरून आणायचं काम तुमच्या स्वयंपाकघराचं. दिवसाला पन्नास ग्रॅम तरी प्रथिनं पोटात गेली पाहिजेत."

ही हसली. ते हसणं मी एकोणीस वर्षं ओळखतो. कर्ज थकवलेला खातेदार वसुलीला आलेल्या माणसाला चहा विचारताना असाच हसतो.

मी बी.कॉम.ला खतावणी शिकलो, पण बँकेत चिकटलो तोवर सगळी लेजरं संगणकात शिरली होती. दोन रेघा ओढून खाली बेरीज मांडायची हौस राहूनच गेली होती. ती आता भागली. वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर मी हिच्या नावाचं खातं उघडलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या हिशेबाप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. अठ्ठेचाळीस किलोला झाले ३९.८४; बँकेच्या शिरस्त्याने पूर्णांकात ४०. मोडलेल्या हाडापोटी डॉक्टरांनी लावलेला अधिभार १०. सकाळचे पोहे, दुपारची पोळीभाजी आणि दिवसभरातला चहा मिळून जेमतेम २५ जमा होत होते. उरलेले २५ रात्री आठ वाजता एकरकमी भरायचे!

मग जमेच्या बाजूला कोण कोण उभं राहू शकतं ते पाहिलं. वाटीभर शिजलेलं वरण, ५-६ ग्रॅम. एक अंडं, ६. शंभर ग्रॅम पनीर, १८. शंभर ग्रॅम कोरडे सोयाचे गोळे, ५२! हा आकडा पाहून मला बोनस जाहीर झाल्यासारखं वाटलं.

सोमवारी सोयाची भाजी केली. हिने डाव्या हातातल्या चमच्याने एक गोळा दाबून पाहिला. "अहो, हा भांडी घासायचा की खायचा?"

मंगळवारी पनीर. "वीस वर्षं शाळेत खडू हातात धरतेय. आता रात्री तोंडातही?"

बुधवारी उकडलेली अंडी. ताट समोर येण्याआधीच हिने खिडकी उघडली.

गुरुवारी मुगाचं पातळ वरण. यावर ही शांतपणे म्हणाली, "हे आजाऱ्याचं जेवण. मी आजारी नाहीये. माझं फक्त हाड मोडलंय."

शुक्रवारी टेबल पुसताना हिच्या ताटाखाली सोयाचे पाच गोळे सापडले. सोमवारचे की नंतरचे हे कळेना, म्हणून ते मी सस्पेन्स अकाउंटला टाकले. आठवड्याची शिल्लक काढली तर खातं साफ बुडीत.

आमच्या बँकेत खातेदार कितीही जुना असो, ठरावीक काळाने त्याची ओळख नव्याने तपासावी लागते. त्याला के.वाय.सी. म्हणतात. रविवारी वही घेऊन मी हिच्यासमोर बसलो.

"काय आवडत नाही ते सांग."

"गिळगिळीत नको. उग्र वास नको. आणि 'तुझ्या चांगल्यासाठी केलंय' असं म्हणून वाढलेलं काहीही नको."

"बरं. लहानपणी रात्री काय जेवायचीस?"

"कुळथाची पिठी आणि भात. पाऊस लागला की आमच्या कोकणात दुसरं काय असणार!"

"मग इथे कधी केली नाहीस ती?"

"नवीन होते तेव्हा एकदा विचारलं होतं. आई म्हणाल्या, कुळीथ घोड्याला घालतात. मग राहिलंच."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. पासबुक भरून घेताना माणूस हवापाण्याचं बोलतो, तसं सांगितलं. पण माझं पेन थांबलं. जिला घरात आम्ही सगळे चोखंदळ म्हणतो, तिने एकोणीस वर्षं चौघांच्या आवडी तोंडपाठ ठेवून स्वयंपाक केला होता. मुलाला भाजीत टोमॅटो दिसता कामा नये, मुलीला आमटी घट्ट हवी, आईला लसूण चालत नाही, मला पोळी गरम हवी. या सगळ्या खातवहीत तिच्या आवडीचा रकाना तेवढा कोरा होता.

संध्याकाळी कोकणी मालाच्या दुकानातून कुळीथ पीठ आणलं. ही स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. लसणाची खरपूस फोडणी, मिरची, पाणी, आमसुलं. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. उकळी फुटली आणि तो वास घरभर पसरला. हिने खिडकी उघडली नाही.

त्या रात्रीची नोंद माझ्या वहीत आहे: पिठी ६, भात ४, शेंगदाण्याची चटणी ५, वाटीभर दही ५, उडदाचा पापड २. एकूण २२. आणि त्याखाली: "पिठी पुन्हा मागितली, ३." बरोब्बर पंचवीस! आईनेही वाटी पुढे केली. लसणाचा आणि घोड्याचा विषय कोणी काढला नाही.

पुढे गाडं रुळावर आलं. पनीर किसून मुगाच्या धिरड्यात गेलं. अंडी कांदा-कोथिंबिरीच्या पोळ्यात मिसळली. मोड आलेल्या मटकीला आमसूल आणि गुळाची संगत मिळाली. आजाऱ्याचं वरणसुद्धा तुपा-लिंबाबरोबर भातावर परत आलं. धान्यात लायसिन कमी असतं, डाळीत मिथिओनिन. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. कोणत्याही गुरुजींना न विचारता जमलेलं हे लग्न आपल्या पानात किती पिढ्या सुखाने नांदतंय! सोया मात्र अजून थकीत आहे.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हाड नीट जुळलेलं, वजन दीड किलो वर. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "वा! काय खायला घालत होते हो तुम्हाला?"

"घोड्याचं खाणं," ही म्हणाली.

आता गॅस पुन्हा हिच्या ताब्यात गेला आहे. मंगळवार आणि शुक्रवार तेवढे माझे. वही मी बंद केलेली नाही. ग्रॅमच्या रकान्याशेजारी फक्त एक नवा रकाना आखला आहे: "पुन्हा मागितलं का?" बाकीचे आकडे चुकले तरी चालतील. हिशेब तपासायला तो एक रकाना पुरतो.