शिवलेला कट्टा आणि उघडी वही

हंगाम लागला की कुडव्याच्या रस्त्यावरून धानाचे ट्रक दिवसरात्र धावतात. दोन राइस मिलचा संगणकावरचा हिशेब माझ्याकडे आहे: धर्मकाट्याच्या पावत्या, भरडाईचे करार, बारदान्याची आवक-जावक. सरकारी धान भरडायला घेतलं, की क्विंटलमागे साधारण ६७ किलो तांदूळ परत द्यावा लागतो. एक पावती हरवली तरी तो हिशेब लंगडतो.

वर्षानुवर्षं मी मिलच्या दिवाणजींना सांगत आले, "क्लाउडवर टाकलंय, आता कार्बनच्या प्रती रद्दीत द्या." क्लाउड म्हणजे कुठेतरी दूर ठेवलेली मोठी हार्ड डिस्क आणि जागा म्हणजे जागा, अशी माझी पक्की समजूत होती. ती चुकीची होती. त्या चुकीचा भुर्दंड माझ्याबरोबर इतरांनाही पडला, म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवातीला भाड्याच्या सर्व्हरला ५०० जीबीची डिस्क जोडून घेतली आणि हिशेबाचा डेटाबेस, पावत्यांचे फोटो, सगळं तिच्यातच भरलं. वापर जेमतेम ६० जीबी, बिल मात्र ५०० जीबीचं. अशा जोडलेल्या डिस्कला ब्लॉक स्टोरेज म्हणतात. डिस्कचे क्रमांक घातलेले लहान लहान तुकडे असतात आणि प्रोग्रामला हवा तेवढाच तुकडा बदलता येतो. रोकडवहीतली एक ओळ खोडून दुसरी लिहावी, तसं. डेटाबेसला हेच लागतं. एकदा काढला की कधीच न बदलणारा फोटो तिथे ठेवणं म्हणजे महागडी जागा अडवणं.

हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. ऑब्जेक्ट स्टोरेज कितीतरी स्वस्त; वापराल तेवढ्याचेच पैसे. शिवाय ॲमेझॉन आपल्या एस-थ्री या ऑब्जेक्ट स्टोरेज सेवेबद्दल सांगते, की एक कोटी वस्तू ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी गमावण्याची शक्यता आहे. हे वाचून मी भारावले आणि हिशेबाची डेटाबेस फाइलही ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये हलवली. एक सॉफ्टवेअर ती जागा साध्या ड्राइव्हसारखी दाखवत होतं, म्हणून फरक जाणवलाच नाही.

एका संध्याकाळी दोन संगणकांवरून एकाच वेळी नोंदी झाल्या. सकाळी एका संगणकावरच्या ४१ नोंदी नव्हत्या.

कारण मला नंतर समजलं, तेही मिलमध्ये. दिवाणजी म्हणाले, "ताई, शिवलेल्या कट्ट्यातून मूठभर धान काढायचं म्हटलं तरी शिवण उसवावी लागते." ऑब्जेक्टची, म्हणजे तिथे ठेवलेल्या वस्तूची, शिवण तर उसवताही येत नाही. आतलं एक अक्षर बदलायचं असेल, तर नवा कट्टा भरून जुन्याच्या जागी ठेवायचा. त्या संध्याकाळी दोन्ही संगणकांनी आपापला कट्टा भरून आणला. नंतर आलेला राहिला, आधीचा गेला. जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय असते, पण ती मी सुरूच केली नव्हती. दहा हजार वर्षांचा तो हिशेब यंत्रं बिघडण्यापुरता असतो. आपणच एकावर एक लिहिलं, तर त्याला तो काय करणार?

मग मी इतिहास पाहिला. एस-थ्री १४ मार्च २००६ रोजी सुरू झाली. सर्व्हरला जोडायची ईबीएस डिस्क त्याच कंपनीने ऑगस्ट २००८मध्ये आणली आणि अनेक सर्व्हरनी मिळून वापरायचं फाइल स्टोरेज २०१६मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. एकाच साठवणीत भागलं असतं, तर पुढच्या दोन कशाला काढल्या असत्या? फाइल स्टोरेज म्हणजे ऑफिसातलं सामाईक कपाट: फोल्डरमध्ये फोल्डर, आणि एकजण लिहीत असेल तर दुसऱ्याला थांबवता येतं.

इतकं होऊनही एक चूक बाकी होती. पैसे वाचवायला जुन्या हंगामाच्या पावत्या मी ऑब्जेक्ट स्टोरेजच्याच सगळ्यात स्वस्त, संग्रहाच्या वर्गात टाकल्या. तपासणीच्या दिवशी दिवाणजींचा फोन आला: "ताई, मागच्या वर्षीची पावती आत्ता पायजे." अशा खोल संग्रहातून वस्तू बाहेर यायला बारा-बारा तास लागतात. अधिकारी समोर बसलेले आणि माझ्याकडे उत्तर नाही. किती जागा लागेल आणि किती पैसे पडतील, एवढंच मी आजवर विचारत आले होते. ठेवलेलं परत कोण मागेल, किती घाईत मागेल, मध्ये त्यात कोण बदल करेल, हे कधी विचारलंच नव्हतं.

आता डेटाबेस ब्लॉक डिस्कवर आहे आणि रोज रात्री त्याची प्रत ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये जाते, जुन्या आवृत्त्यांसह. पावत्यांचे फोटो तिथेच आहेत. दोन हंगाम उलटल्याशिवाय संग्रहात जात नाहीत. दोन्ही मिलची सामाईक पत्रकं फाइल स्टोरेजवर आहेत.

त्या ४१ नोंदी मात्र कार्बनच्या प्रतींवरूनच पुन्हा भरल्या. माझं ऐकून दिवाणजींनी त्या रद्दीत दिल्या नव्हत्या. टेबलाखालच्या रिकाम्या बारदान्यात बांधून ठेवल्या होत्या. मी एकेक काढून वाचत गेले आणि ते शेजारी बसून आकडे पडताळत राहिले.