समासातली टिपणे

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पश्चिमेस समुद्र. अशा दमट वसई-विरारात पुस्तके बाळगणाऱ्यास किडींच्या खुणाही वाचता याव्या लागतात. पानाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा व कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या दिसल्या, तर ती कसर. बांधणीतली खळ तिला विशेष प्रिय. टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके आणि खाली पिठासारखा भुगा दिसला, तर पुस्तककिडा. भिंतीवरून कपाटाकडे चढणारी मातीची बारीक नळी वाळवीची. पहिल्या पावसात दिव्याभोवती जमणाऱ्यांना आपण पंख फुटलेल्या मुंग्या म्हणतो. परंतु चारही पंख सारख्या लांबीचे असतील आणि कंबर बारीक नसेल, तर ती वाळवीच होय.

वाळवी आतून खाते, बाह्यरूप शाबूत ठेवते. आमच्या वडिलांच्या ज्ञानेश्वरीचा पुठ्ठा अखेरपर्यंत देखणा होता; आत त्यांनी समासात पेन्सिलीने केलेली टिपणे मातीस मिळाली होती. ओव्या दुसऱ्या प्रतीत सापडतात, ती टिपणे कोठे शोधावीत?

वल्मीक म्हणजे वारूळ, वाळवीचेच घर. आदिकवीचे नाव त्यावरूनच आले, ही कथा आम्ही वर्गात कौतुकाने सांगत आलो. आता तिच्या जोडीस आणखी एक गोष्ट सांगतो : घरातल्या जुन्या कपाटाच्या फळीवर टिचकी मारून पाहा, आवाज पोकळ येतो का, आणि वडीलधाऱ्यांची समासातली अक्षरे, ती आहेत तोवर, वहीत उतरवून घ्या.