‘नाही’ म्हणणे सोपे, ‘हो’ म्हणणे अवघड

गोमंतकीय माणसाला ‘नाही’ म्हणायला कुणी शिकवावे लागत नाही. प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गावोगाव लोक उठले आणि जानेवारी २००७ मध्ये तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रांचाही गाशा गुंडाळला गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये मोलेच्या जंगलासाठी लोक चांदर येथे रात्रभर रेल्वेच्या रुळांपाशी ठाण मांडून होते. हे सारे अभिमानाने सांगावे असेच आहे.

पण अलीकडे एक प्रश्न मनातून जात नाही. शहराने हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवायचे ठरवले तर नुसत्या ‘नाही’ने भागत नाही. तिथे हजारो घरांनी रोज, कुणी पाहत नसताना, ‘हो’ म्हणावे लागते. हे ‘हो’ येते कुठून?

याचे थोडेफार उत्तर मला इंदुरात मिळाले. होळकरांचे इंदूर आपल्याला परके नाही. मंगेशीचे नाव जगभर नेणाऱ्या लताबाईंचा जन्म १९२९ साली तिथलाच. माझी मावसबहीण लग्न होऊन तिथे गेली त्याला आता तीस वर्षे होतील. तिचे मराठी अर्धेअधिक हिंदीत बुडालेले. मागे तिच्याकडे गेलो असता चहाचा चोथा मी हाताला लागेल त्या डब्यात टाकणार, एवढ्यात ताई स्वयंपाकघरातून ओरडली, “अरे, त्यात नको! गाडीवाला परत करतो, मग मोहल्ल्यात नाक कापतं आपलं.”

मला गंमत वाटली. दंडाची भीती नव्हती, नाक कापले जाण्याची होती! ओला, सुका, प्लास्टिक, घातक, सॅनिटरी, इलेक्ट्रॉनिक असा वेगवेगळा कचरा सकाळी गाणे वाजवत येणाऱ्या गाडीत वेगवेगळ्या कप्प्यांत जातो. त्यातला ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात पोचतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आणि त्यातून सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी तयार करण्याची. त्यावर शहराच्या बसगाड्या धावतात.

यातली खरी मेख वाचकांनी ध्यानात घ्यावी. ओला कचरा ढिगाऱ्यात दडपून कुजला की मिथेन वायू सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. तोच वायू बंद टाकीत पकडला तर इंधन होतो. पण त्यासाठी टाकीत जाणारा कचरा स्वच्छ हवा. प्लास्टिक आणि काचा मिसळल्या तर कोट्यवधींचे यंत्र आजारी पडते. म्हणजे हा प्रकल्प खऱ्या अर्थाने सुरू होतो तो देवगुराडियाला नव्हे, ताईच्या ओट्याखाली. आराखड्यात ‘लोकसहभाग’ नावाचे शेवटचे प्रकरण असते ना, ते इथे पहिले आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. १९७० साली नर्मदेचे पाणी शहराला मिळावे म्हणून इंदूरकरांनी मोठे आंदोलन केले आणि ते पाणी मिळवले. पण नर्मदा खाली खोऱ्यात आणि शहर वर माळव्याच्या पठारावर. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर पाणी चढवत आणायचे तर वीज प्रचंड लागते, आणि आपल्या देशातली बरीचशी वीज आजही कोळशाची. जे पाणी लोकांनी लढून आणले त्याचाच धूर कुठल्यातरी चिमणीतून निघतो! यावर उपाय म्हणून पालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले, तेही सामान्य माणसाला घेता येतील असे. मागणी मूळ देकाराच्या जवळजवळ सहापट आली.

आता रोखे घेणारे सगळे इंदूरचे नव्हते, आणि सव्वाआठ टक्के व्याज मिळते म्हणून पैसे घालणाऱ्याला लगेच पर्यावरणप्रेमी म्हणायचे कारण नाही. सहभागाचे तेही एक सोंग असू शकते. पण पालिकेने हात पसरला आणि लोकांनी विश्वास ठेवला, एवढे मात्र खरे. कारण कचऱ्याच्या बाबतीत पालिकेने शब्द पाळलेला लोकांनी पाहिला होता. वेगळा दिलेला कचरा पुढे नेऊन पुन्हा एकत्र केला जात नाही, हे एकदा पटले की माणूस पुढच्या कामालाही हो म्हणतो.

इथेच आपले घोडे पेंड खाते. पणजी कचऱ्यात मागे नाही. सुक्या कचऱ्याचे सोळा प्रकार वेगळे करणारे शहर म्हणून तिचे नाव देशात घेतले गेले. खाजन शेतीचे बांध आणि मानशी गावाने मिळून सांभाळायची आपली रीत तर पोर्तुगीज येण्याच्याही आधीची. बांध फुटला की कुणाचे शेत हे न विचारता सगळा वाडा धावायचा. तेव्हा एकत्र येणे आपल्या रक्तातच नाही, असे कुणी म्हणू नये.

अडचण वेगळीच आहे. प्रादेशिक आराखडा २०२१ चा मसुदा २००८ साली आला तेव्हा गावागावांतून सूचना मागवल्या होत्या. आमच्या गावात लोकांनी रात्री जागून नकाशे रंगवले. कुठे तळे, कुठे मरड, कुठे देवराई, सगळे म्हाताऱ्यांना विचारून विचारून. २०१२ मध्ये तो आराखडा स्थगित झाला. नकाशांवर बसलेली ती माणसे मला आजही भेटतात. त्यातले एक गृहस्थ परवा म्हणाले, “आता परत सूचना मागितल्या तर मी नाही जायचो रे बाबा. मागचे नकाशे आधी परत द्या म्हणावं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

गोव्यात २०११ च्या जनगणनेनुसार माणसे साडेचौदा लाख, आणि नोंदलेल्या वाहनांनी तो आकडा केव्हाच ओलांडला आहे. उद्या कुणी सांगेल, गाडी घरी ठेवा, बसने जा. योग्यच सांगेल. पण रात्री आठनंतर गावाला परतायला बस नसेल तर हा उपदेश कुणी ऐकायचा? आधी बस, मग उपदेश, हा क्रम असायला हवा. लोकांना बोलवायचे तर आराखडा छापून झाल्यावर ‘जनजागृती’साठी नव्हे, कागद कोरा असतानाच. आणि त्यांनी जे सांगितले त्याचे पुढे काय झाले हे वर्षाकाठी ग्रामसभेत उभे राहून सांगायचे. जे केले नाही तेही, कारणासह.

इंदुरातही सगळे सोन्याचे आहे असे मला म्हणायचे नाही. पण तिथली घरे रोज सकाळी ‘हो’ म्हणतात, कारण कुणीतरी ते ‘हो’ वाया घालवलेले नाही. आपल्याकडचे वाया गेलेले ‘हो’ आधी मोजायला हवेत. नवा आराखडा त्यानंतर.