पापण्या

डॉक्टर झाल्यावरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, म्हणजे बाँडचं वर्ष होतं. कोकणातलं ग्रामीण रुग्णालय, पावसाळ्यातली पहाट. विशीतला एक मजूर पोट धरून आला. दोन उलट्या झालेल्या, ताप नाही, पोट मऊ. रात्री शिळं खाल्लं होतं, असं भाऊ म्हणाला. मी रॅनिटिडिनचं इंजेक्शन लिहिलं आणि जाऊन आडवा झालो.

पंधरा मिनिटांत सिस्टरांनी दार वाजवलं.

"डॉक्टर, त्याच्या पापण्या बघा."

"झोप आली असेल."

"झोप आली तर माणूस डोळे मिटून घेतो. हा उघडायला बघतोय, उघडत नाहीत. जमिनीवर झोपला होता, मी विचारलं."

टॉर्च घेऊन नखशिखांत शोधलं. दंशाची खूण नाही, सूज नाही. काचेच्या नळीतलं रक्त वीस मिनिटांत नीट गोठलं. पण मण्यारीचं असंच असतं. दात बारीक, दंश झोपेत होतो, विष रक्ताला नव्हे तर नसांना धरतं. आणि सुरुवात पुष्कळदा पोटदुखीने होते. हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं होतं. फक्त पुस्तकात वर 'सर्पदंश' असा मथळा होता, आणि हा पोरगा पोट दुखतंय म्हणत आला होता.

प्रतिविषाच्या दहा व्हायल सलाइनमधून सोडल्या. तरी त्याला थुंकी गिळवेना, श्वास उथळ झाला. प्रतिविष पुढचं नुकसान थांबवतं. बिघडलेली नसांची टोकं सुधारायला दिवस लागतात. तोवर त्याचा श्वास दुसऱ्याने घ्यायचा. व्हेंटिलेटर नव्हता. नळी घालून जिल्ह्याच्या गावापर्यंत जीपमध्ये सिस्टर आणि मी आळीपाळीने अंबू बॅग दाबत गेलो. नवव्या दिवशी तो चालत घरी गेला.

विंचू चावलेल्या पेशंटचे हातपाय आधी चाचपायचे, हेही मला सिस्टरांनीच शिकवलं. गार आणि घामेजलेले असले, तर विष हृदयापर्यंत पोचलंय. महाडच्या बावस्कर दांपत्याने त्यावर प्राझोसिनच्या साध्या गोळीचा उपयोग १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला होता. सिस्टरांनी 'लॅन्सेट' पाहिलं नव्हतं. गोळीची बाटली मात्र ड्रेसिंग ट्रॉलीच्या वरच्याच कप्प्यात असे.

त्या पहाटेच्या रेफरल चिठ्ठीवर 'मण्यार दंश' असं निदान आहे. खाली सही माझी. सिस्टरांचं नाव त्यावर कुठेच नाही.