वैराचे मूळ

जपान आणि अमेरिका यांचे वैर ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर सुरू झाले, असे आम्ही शाळेत शिकलो. पुढे वाचन वाढले तसतसे हे मूळ मागे मागे सरकत गेले.

२ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात ‘मिसूरी’ या युद्धनौकेवर जपानी प्रतिनिधींनी शरणागतीवर सह्या केल्या, तेव्हा तेथे काचेच्या चौकटीत एक जीर्ण अमेरिकी ध्वज मुद्दाम लावलेला होता. १८५३ साली कमोडोर पेरी चार युद्धनौका घेऊन जपानच्या किनाऱ्याशी येऊन ठाकला, तेव्हाचा तो ध्वज. वैराच्या वहीचे पहिले पान विजेत्यानेच उघडून दाखवले म्हणायचे! तोफांच्या धाकाने जपानचे दार उघडले. १८५८च्या तहाने स्वतःची जकात ठरवण्याचा हक्कही गेला. तो पुरता परत मिळायला १९११ साल उजाडले.

पण तहापेक्षा अपमान खोल रुजतो. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जपानी मुलांना गोऱ्या मुलांपासून वेगळ्या शाळेत धाडण्याचा हुकूम निघाला. ताकाओ ओझावा ‘गोरा’ नव्हे, म्हणून १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला नागरिकत्व नाकारले. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थाच्या वाट्याला तसाच निकाल आला. म्हणून ही कथा आम्हांस परकी वाटत नाही. १९२४च्या कायद्याने तर जपान्यांना स्थलांतराचे दारच बंद झाले.

एवढ्यावर थांबलो तर जपान निव्वळ पीडित ठरेल, आणि ते खरे नव्हे. १९१९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत जपानने वंशसमानतेचा प्रस्ताव मांडला. १७ पैकी ११ मते मिळूनही, एकमत नाही या कारणाने, अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी तो फेटाळला. त्याच वर्षी त्याच जपानने स्वातंत्र्य मागणाऱ्या कोरियनांना निर्दयपणे चिरडले. पुढे १९३१ मध्ये मांचुरियावर आणि १९३७ मध्ये उर्वरित चीनवर त्याने चाल केली. १९४१च्या उन्हाळ्यात अमेरिकेने तेल तोडले. जपानचे बहुतेक तेल तिकडूनच येत असे. मग युद्ध टळले नाही.

१९४२ पासून अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना काटेरी तारांआड ठेवले. त्यांतले बहुसंख्य तिचेच नागरिक होते. १९८८ मध्ये तिने त्याबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देऊ केले.

अपमान सोसलेला दुसऱ्याचा अपमान करणार नाही, ही आपली भाबडी आशा. इतिहास तिला दुजोरा देत नाही. १९८८ची माफी एका राष्ट्राने दुसऱ्याची मागितलेली नव्हती, आपल्याच माणसांची मागितलेली होती. वैर ओसरायला सुरुवात बहुधा तेथूनच होत असावी, असे आम्हांस वाटते.