राखून ठेवलेले बी

आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही. त्यामुळे वार्षिकासाठी पेशींवर लेख लिहिते आहे असे म्हटल्यावर मैत्रिणींना हसू यावे, हे साहजिकच आहे. पण ग्रंथालयात हाती आलेल्या एका पुस्तकात मूलपेशींविषयी वाचले आणि ते वाचन मला थेट आमच्या घरापर्यंत घेऊन गेले. म्हणून हा खटाटोप.

माणसाच्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिला केंद्रक नसते, त्यामुळे तिच्यापासून दुसरी पेशी जन्मत नाही. आणि तरीही आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी तयार होत असतात! त्या येतात कोठून? हाडांच्या पोकळीतील मज्जेत थोड्याशा मूलपेशी असतात, त्यांच्यापासून.

याचा पहिला भक्कम पुरावा १९६१ साली कॅनडातील टोरांटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्‌कुलॉक यांनी दिला. ज्यांची मज्जा किरणांच्या माऱ्याने निकामी केली होती अशा उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. सुमारे दहा दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर बारीक गाठी उठलेल्या दिसल्या. पुढे कळले की एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढते आणि काही गाठींतील पेशी दुसऱ्या उंदराला टोचल्या तर तेथेही नव्या गाठी उठतात. म्हणजे काही पेशी रक्त तर घडवतातच, शिवाय स्वतःसारखी पेशीही मागे ठेवतात.

हे वाचताना मला आजीचे मडके आठवले. शाळूची रास झाली की आजी टपोऱ्या कणसांचे दाणे राखेत घोळवून मडक्यात ठेवी. टंचाईच्या वर्षीही त्या मडक्याला कोणी हात लावत नसे. खायचे ते खायचे, पेरायचे ते राखायचे.

मूलपेशीचा व्यवहार असाच आहे. ती दुभंगते तेव्हा कधी तिची एक लेक मूलपेशी म्हणून राहते आणि दुसरी कामाला निघते. कधी दोघी राहतात, कधी दोघी जातात. एकूण हिशेब मात्र शरीर सांभाळते. सगळ्याच गेल्या तर बी संपेल. सगळ्याच राहिल्या तर रक्त कोण करील? मज्जेतील मूलपेशी पुष्कळ काळ निजलेलीच असते. दर वेळी दुभंगताना आनुवंशिक मजकूर उतरवून घ्यावा लागतो आणि उतरवताना चुका शिरतात. म्हणून संख्या वाढवण्याचे काम तिच्या लेकी-नाती करतात.

मग कोणी राहायचे आणि कोणी जायचे, हे कसे ठरते? दोघींजवळ मजकूर एकच असतो. फरक असतो तो कोणती पाने उघडली जातात याचा. १९७८ साली रे स्कोफिल्ड यांनी असे मांडले की मूलपेशी मूलपेशी राहते ती तिला मिळालेल्या जागेमुळे, शेजारच्या पेशींच्या आधारामुळे. त्या जागेला मी कोनाडा म्हणते.

येथे मी पुस्तक मिटले. दादा बारावीनंतर शेतावर राहिला. तीन वर्षांनी मी एस.टी.चा पास काढून कॉलेजला येऊ लागले. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातील मी पहिलीच. गावात म्हणतात, ‘पोरगी हुशार, पोराला डोकं नव्हतं.’ हे साफ खोटे आहे. दादाचे गणित माझ्यापेक्षा चांगले होते. अण्णांचे गुडघे गेले तेव्हा घराच्या कोनाड्यात तो उभा होता, एवढेच. त्याने जागा धरली म्हणून माझी फी भरली गेली.

मात्र उपमा येथेच थांबवली पाहिजे. पेशीला इच्छा नसते. दादाला होती.

एकदा कामाला लागलेली पेशी मागे फिरत नाही, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. २००६ साली जपानमधील क्योटो विद्यापीठात शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या साध्या पेशींत केवळ चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलपेशींसारखे केले. पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेतील पेशींबाबतही ते साधले. २०१२ साली यामानाका यांना जॉन गर्डन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. कायमची मिटली असे वाटणारी पाने पुन्हा उघडली!

पेशीचे ठरलेले बदलू शकते, तर माणसाचे का बदलू नये? गेल्या महिन्यात मी मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका दादाला आणून दिली. तो हसला आणि म्हणाला, “सुगी होऊ दे, मग बघू.”

पुस्तिका मात्र त्याने अजून परत दिलेली नाही.